पाहून शिकविणारा शिक्षक : डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

(सांताक्रूझ येथे ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभात दिलेले भाषण)



मुलांना चार शब्द सांगावेत अशी आज्ञा संस्थेच्या चिटणीसांनी केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. ह्या व्यासपीठावर डॉक्टर बसले आहेत, प्राध्यापक बसले आहेत. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. अध्यापनाची पदविका घेतली आणि ह्याच उपनगरातील एका शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना सामान्य विज्ञान शिकवीत आयुष्य घालविले, एवढीच माझी पुंजी. तरीही आज्ञा मोडवली नाही, कारण मला एका शिक्षकाची कथा आपणांस सांगावयाची होती आणि तिच्यासंगे माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुलीही द्यावयाची होती.

आजच्या गुणवंतांची यादी मी वाचली. त्यांतील ज्यांनी जीवशास्त्र घेतले आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुढील संकल्पाच्या रकान्यात 'डॉक्टर' असे लिहिले आहे. संकल्प उत्तम आहे. परंतु वैद्यकीय प्रवेशासाठी जी 'नीट' परीक्षा घेतली जाते, तिच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात. त्यामुळे हा विषय म्हणजे त्या एका दाराची किल्ली, अशी समजूत घरोघरी झाली आहे. किल्ली लागली नाही की ती फेकून द्यावयाची! प्रवेश न मिळालेला मुलगा बी.एस्सी.ला जातो, तेव्हा त्याचे आईबाप नातेवाईकांपासून तोंड चुकवितात. आणि तो पुढे जीवशास्त्राचा शिक्षक झाला, तर "काही जमले नाही म्हणून मास्तर झाला" असे आपणच म्हणतो. हे वाक्य मी आपल्याच घरांतून अनेकदा ऐकले आहे. त्यातील 'जमले नाही' हे शब्द किती खोटे आहेत, ते मी आज सांगणार आहे.

प्रथम माझी चूक. गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. पावसाळ्याचे दिवस होते. सहावीच्या वर्गातील एक मुलगा जुहूच्या चौपाटीवरून काचेच्या बरणीत काही तरी घालून घेऊन आला. निळसर फुगा आणि त्याखाली दोऱ्यांसारखे लांबलचक तंतू. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हे जीव लाटांबरोबर वाहून येतात. लोक त्यांना ब्लू बॉटल म्हणतात, आणि ते मेले तरी त्यांच्या तंतूंचा दंश होतो. मी घाबरलो. ती बरणी बाहेर टाकावयास लावली आणि मुलाला चारचौघांत रागावलो. येथवर मला कोणी फारसा दोष देणार नाही. वर्गात साठ मुले होती. परंतु तो मुलगा बाकावर बसता बसता म्हणाला, "सर, हे जेलीफिश नदीत पण असतात का?" मी ठणकावून सांगितले, "मुळीच नाही. पुस्तक वाच. हे प्राणी फक्त समुद्रात असतात." वर्ग हसला. त्या वर्षात त्या मुलाने पुन्हा कधी हात वर केला नाही.

सेवानिवृत्त झाल्यावर मी वाचनालयात बसू लागलो. तेथे एके दिवशी डॉ. आघारकरांची माहिती माझ्या वाचनात आली आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर, माझ्या जन्माच्याही कितीतरी आधी, मुंबईतल्याच एका शिक्षकाने आपल्याच सह्याद्रीत शोधून ठेवले होते.

शंकर पुरुषोत्तम आघारकर ह्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला, एम.ए. झाले आणि त्याच महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक म्हणून राहिले. वय पंचविशीच्या आसपास. अशा तरुण अध्यापकाने नेमलेले पुस्तक वाचून दाखविले असते, वह्या तपासल्या असत्या आणि पहिल्या तारखेस वेतन घेतले असते, तर त्यास कोणी नावे ठेवली नसती. परंतु आघारकर सह्याद्री पायांखाली घालू लागले. कोणती वनस्पती कोठे उगवते, कोणता प्राणी कोणत्या ओढ्यात राहतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे, नमुने गोळा करावयाचे, टिपून ठेवावयाचे, हा त्यांचा क्रम झाला.

अशा भ्रमंतीत त्यांना पश्चिम घाटातील नदीच्या पाण्यात एक लहानसा, पारदर्शक, छत्रीसारखा उघडझाप करीत पोहणारा प्राणी आढळला. तो जेलीफिश होता. गोड्या पाण्यातील जेलीफिश! ह्या जातकुळीचे प्राणी त्या काळापर्यंत केवळ आफ्रिकेतील टांगानिका वगैरे सरोवरांत आणि नद्यांत असल्याचे विद्वानांना ठाऊक होते. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे प्रमुख डॉ. अ‍ॅनन्डेल ह्यांनी १९११ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या प्राण्यास 'लिम्नोक्निडा इंडिका' असे नाव मिळाले. आफ्रिकेचा हा भाऊबंद आपल्या सह्याद्रीच्या पाण्यात कसा आला, असा प्रश्न त्या एका शोधाने जगातील प्राणिशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला.

बंधूंनो, ह्या नद्यांच्या काठी गावे आहेत. त्या गावांतील गुराख्यांनी, मासे धरणाऱ्यांनी हा प्राणी पूर्वी पाहिला नसेल असे मला वाटत नाही. परंतु पाहणे आणि पाहून विचारणे ह्यांत अंतर आहे. पुस्तकात हा प्राणी येथला म्हणून दिलेला नव्हता. आघारकरांनी पुस्तकावरून पाण्याची परीक्षा केली नाही. पाण्यावरून पुस्तकाची परीक्षा केली. मी माझ्या वर्गात नेमके ह्याच्या उलट केले होते.

त्यांचे पुढील आयुष्यही विद्यार्थ्यांनी जाणून घेण्याजोगे आहे. कलकत्ता विद्यापीठात सर आशुतोष मुखर्जी ह्यांच्या पुढाकाराने विज्ञान महाविद्यालय उभे राहत होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष ह्या दोन नामांकित वकिलांनी आपली संपत्ती त्यासाठी दिली होती. पालितांच्या देणगीतून निर्माण झालेल्या अध्यासनांवर प्रफुल्लचंद्र राय आणि चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांच्यासारखी माणसे आली. घोषांच्या देणगीतून निर्माण झालेल्या वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनावर १९१४ साली आमचे मालवणचे आघारकर नेमले गेले. पुढील अभ्यासासाठी ते जर्मनीस गेले आणि तोच पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून ते शत्रुराष्ट्रात अडकले आणि त्यांना स्थानबद्धता सोसावी लागली. आपला एखादा मुलगा परदेशी असा अडकला असता, तर आपण त्याची वर्षे फुकट गेली म्हणून कपाळाला हात लावला असता. आघारकरांनी ती फुकट जाऊ दिली नाहीत. सुटका झाल्यावर बर्लिन येथे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. विषय कोणता? तर वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष प्रदेशात तगून राहणाऱ्या वनस्पती मूळच्या कोठल्या आणि त्या कशा पसरल्या! जर्मनीत बसूनही चित्त आपल्या मातीतच गुंतलेले होते.

परत आल्यावर त्यांनी कलकत्त्यास पाव शतक अध्यापन केले. १९४६ साली ते निवृत्त झाले, तेव्हा वय बासष्टीच्या घरात होते. माझ्या वयाच्या मंडळींनी येथे विशेष लक्ष द्यावे. निवृत्तीनंतर आराम करावयाचा तो ह्या गृहस्थाने त्याच वर्षी पुण्यास येऊन महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था सुरू केली. स्वतःची वास्तू नव्हती, म्हणून विधि महाविद्यालयाच्या आवारात काम चालू झाले. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत संचालकपदाची धुरा त्यांनीच वाहिली. १९९२ साली ह्या संस्थेच्या संशोधनालयास त्यांचे नाव देण्यात आले, आणि आज ते आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. गंमत अशी की ही संस्था ज्या रस्त्यावर आहे, त्यास सुधारक गोपाळ गणेश आगरकरांचे नाव आहे. त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो आणि आघारकरांना ते आगरकरच समजतात. शेतकऱ्यांना मात्र त्यांच्या संस्थेची ओळख निराळ्या रीतीने आहे. एम.ए.सी.एस. ह्या आद्याक्षरांनी सुरू होणारी गव्हाची आणि सोयाबीनची वाणे जे पेरतात, ते त्या म्हाताऱ्या शिक्षकाने सुरू केलेल्या संस्थेचेच बियाणे पेरतात.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, आघारकर मोठे होते. शाळेतल्या शिक्षकाने आणि आमच्या मुलांनी सह्याद्रीत कोठे हिंडावे?" त्यांस माझे उत्तर असे, की सह्याद्रीपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. सांताक्रूझ पुरेसे आहे. हे मला फार उशिरा कळले, परंतु कळल्यावर अखेरची काही वर्षे मी तसे शिकवून पाहिले.

वनस्पतीचे मूळ जमिनीत खाली वाढते, असे आपण मुलांकडून पाठ करवून घेतो. आपल्या मिठी नदीच्या मुखाशी, माहीमच्या खाडीकडे तिवरांची झाडे आहेत. तेथे ओहोटीच्या वेळी काठावरून पाहा. चिखलातून शेकडो काड्या वर आलेल्या दिसतील. त्या तिवराच्या मुळ्या आहेत. खाडीच्या घट्ट चिखलात हवा नसते, म्हणून श्वसनासाठी त्या वर येतात. तिवराच्या पानावर जीभ टेकवा, खारट लागेल. शोषलेल्या पाण्यातील जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. चिखलात टुणटुण उड्या मारणारी निवटी पाहा. मासा असून ती पाण्याबाहेर हिंडते. मुलांनी हे पाहिले, म्हणजे पुस्तकातील नियम खोटा ठरत नाही. तो नियम कोणत्या परिस्थितीसाठी आहे हे त्यांना कळते, आणि ते कळणे हेच शिक्षण होय.

आणि हे केवळ कुतूहलासाठी नाही. २६ जुलै २००५ रोजी आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी मिठी नदी आपल्या घरांत शिरली. येथे बसलेल्या कितीतरी कुटुंबांचा संसार त्या पाण्यात गेला. नदीचे पात्र आवळले की, तिवरे तोडून भराव घातला की पुराचे पाणी कोठे जाणार, हा जीवशास्त्राचा आणि भूगोलाचा पाठ आपण त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन शिकलो. तो पाठ तिवरांच्या काठी उभे राहून आधीच शिकता आला असता.

मातांना तर मी असे सांगेन, की आपले स्वयंपाकघर ही एक प्रयोगशाळाच आहे. डाळिंबीच्या उसळीसाठी आपण वाल भिजवितो, मोड आणवितो आणि सोलतो. सोललेल्या वालाच्या दोन डाळिंब्या म्हणजे बीजाची दोन दले आणि त्यांच्यामध्ये असलेला इवलासा कोंभ म्हणजे उद्याचे रोप. मासळी बाजारात आपण माशाचा कल्ला उघडून तो लालभडक आहे की नाही हे पाहतो. तो लाल का? तर पाण्यातील प्राणवायू रक्तात घेण्याचे ते स्थान, म्हणून तेथे रक्त खेळते. हे दोन पाठ शिकविण्यास पदवी लागत नाही. सोलताना मुलाला जवळ बसवून घेतले म्हणजे पुरे.

घरातील अन्नाकडे शास्त्राच्या डोळ्यांनी कसे पाहावे, ह्याचा आदर्श आपल्याच मुंबईत होऊन गेला. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, ह्या बंगलोरच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. त्या हटल्या नाहीत. १९३३ साली अटी घालून का होईना, त्यांना प्रवेश द्यावा लागला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. परंतु पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकविताना त्यांनी विद्यार्थ्यांना संशोधनासाठी कोणते विषय दिले? डाळी, नीरा, ताडगूळ. गरिबाच्या पोटात जे जाते ते. कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरेचा उपयोग कसा होतो ह्यावरील कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले, आणि कालांतराने त्या त्याच संस्थेच्या संचालिका झाल्या. आजच्या गौरवपात्र मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

आता ज्यांचे नाव आजच्या यादीत नाही, त्यांच्याविषयी. ते सभागृहात मागे बसले आहेत, मला दिसत आहेत. युरोपात ग्रेगोर मेंडेल नावाचे एक धर्मोपदेशक शिक्षक होते. १८५० साली ते शिक्षकपदाच्या परीक्षेस बसले आणि नापास झाले. पुढे पुन्हा बसले, तेव्हाही यश आले नाही. म्हणून ते बदली शिक्षक म्हणूनच शिकवीत राहिले. त्या माणसाने मठाच्या बागेत आठ वर्षे वाटाण्याची रोपे लावली आणि दाणे मोजले. एका प्रयोगात ५४७४ दाणे गोल आणि १८५० दाणे सुरकुतलेले भरले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात, ह्याचा नियम त्या मोजणीतून निघाला. जगाने त्यांना १९०० साली ओळखले. ते मात्र १८८४ सालीच वारले होते. त्याच वर्षी मालवणला आघारकर जन्मले. परीक्षा आवश्यक आहे, ती मी स्वतः पस्तीस वर्षे घेतली. परंतु परीक्षेत न मावणारा माणूस असू शकतो, हे परीक्षा घेणाऱ्याने विसरू नये.

आता माझ्या त्या विद्यार्थ्याविषयी सांगून संपवितो. गेल्या वर्षी वाकोल्याच्या बाजारात एका गृहस्थाने मला वाकून नमस्कार केला. तोच तो. आता एका मालवाहतुकीच्या कचेरीत नोकरीस आहे. मी त्याला तेथेच, भाजीच्या गाड्याजवळ उभे राहून म्हटले, "बाबा रे, तू एकदा मला विचारले होतेस की जेलीफिश नदीत असतात का. असतात. आपल्या सह्याद्रीत असतात. माझे उत्तर चुकीचे होते." तो क्षणभर गोंधळला. मग हसून म्हणाला, "सर, मी विसरलो होतो. पण आमची धाकटी दिवसभर असले काहीतरी विचारत असते, आणि मी तिला गप्प बस म्हणतो." जरा थांबून तो पुन्हा म्हणाला, "आता नाही म्हणणार."

त्याने मला क्षमा केली, असे मी समजतो. परंतु माझ्या हातून गेलेली ती वर्षे त्याला परत देता येत नाहीत. म्हणूनच मी कार्यकारी मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपली संस्था गुणांसाठी पारितोषिके देते, ती देतच राहावी. त्यांच्या जोडीस पुढील वर्षापासून एक पारितोषिक उत्तम प्रश्नासाठी असावे. पाचवी ते दहावीच्या मुलामुलींनी वर्षभर एक नोंदवही ठेवावी. तीत चौपाटीवर, खाडीकाठी, घरात जे स्वतः पाहिले ते लिहावे आणि त्यावरून सुचलेला प्रश्न लिहावा. उत्तर आलेच पाहिजे असे नाही. ह्या पारितोषिकासाठी मी माझ्या निवृत्तिवेतनातून दरवर्षी रुपये एक हजार एक संस्थेच्या स्वाधीन करीन. मंडळाने मान्यता दिल्यास त्यास डॉ. आघारकरांचे नाव द्यावे, माझे नको. आणि महिन्यातील एका रविवारी, ओहोटीची वेळ पाहून, मुलांना जुहूस नेण्याचे काम माझे गुडघे साथ देतील तोवर मी करीन. पालकांपैकी कोणी दोघांनी बरोबर यावे, म्हणजे झाले.

आणि आपल्यापैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी उद्या म्हणाली, की मला जीवशास्त्र शिकवावयाचे आहे, तर "दुसरे काही जमले नाही का?" असे तिला विचारू नका. तिने आज काय पाहिले, ते विचारा.